'आम्ही' आणि 'आपण'

मेळघाटचे नाव आपल्या कानी पडते ते दोनच निमित्तांनी. पावसाळ्यात कुपोषित बालके दगावली म्हणजे, आणि हिवाळ्यात वाघ पाहावयास निघालेल्या पर्यटकांच्या जीपगाड्या सेमाडोह-कोलकासच्या वाटेला लागल्या म्हणजे. एरवी मेळघाट आपल्या खिजगणतीत नसतो. पहिल्या बातमीने आपण हळहळतो, दुसरीने हरखतो. आणि हळहळ व हर्ष यांच्या मधल्या जागेत एक अख्खा समाज राहतो याची आपल्याला आठवणही होत नाही. त्या समाजाचे नाव कोरकू. त्याला स्वतःची भाषा आहे, उत्पत्तीची कथा आहे, मृतांना निरोप देण्याची रीत आहे. आपल्या लेखी मात्र कोरकू म्हणजे एक 'समस्या' किंवा एक 'अडथळा'. समस्या आरोग्य खात्याची आणि अडथळा वन खात्याचा!

या दृष्टीवरच प्रस्तुत लेखाचा आक्षेप आहे. तो केवळ सरकारवर नाही. सरकारला बोल लावणे सोपे असते आणि त्याने आपले मनही हलके होते. आक्षेप आहे तो तुम्हा-आम्हा शिकल्यासवरलेल्या, रविवारी मंदिरात जाणाऱ्या, दुष्काळात-पुरात मदतीची पेटी फिरवणाऱ्या सज्जन माणसांवर. आदिवासींना 'मुख्य प्रवाहात आणले पाहिजे' असे आपण सभासंमेलनांतून सहज म्हणून जातो. हा प्रवाह मुख्य आहे हे ठरवले कोणी? आणि त्यात येण्यासाठी माणसाने काठावर काय काय टाकून यावे, हे त्या माणसाला कधी विचारले आहे काय?

ज्या परतवाड्यातून हे लिहीत आहे ते सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले आहे. येथून धारणीकडे जाणारा रस्ता घाट चढून मेळघाटात शिरतो. घाटांचा मेळ तो मेळघाट. आमच्या गावची ओळख सागवानाची. येथील आरागिरण्या, लाकडाचे लिलाव, सुतारांचे कसब, या साऱ्यांवर परतवाड्याची भरभराट झाली. मात्र ते सागवान आकाशातून पडले नाही. ज्या रानात ते वाढले त्या रानात कोरकू राहत होता. ते तोडणारे, ओढणारे, बैलगाडीवर चढवणारे हातही बहुतांशी त्याचेच होते. ज्यांच्या रानावर आणि घामावर आमचे गाव उभे राहिले, त्यांच्या भाषेतला एक शब्दही आम्हा परतवाडेकरांपैकी बहुतेकांना येत नाही. तेव्हा आधी भाषेचेच पाहू.

'कोरकू' या नावाचा अर्थ 'माणसे' एवढाच. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. ही भाषा मराठीची बहीण नाही, गोंडीचीही नाही. तिचे नातेवाईक आहेत संथाळी, मुंडारी, हो. म्हणजे येथून शेकडो कोस पूर्वेला, छोटा नागपूरच्या पठारावर बोलल्या जाणाऱ्या मुंडा कुळातील भाषा. या कुळाचे अगदी पश्चिमेचे टोक म्हणजे आपल्या वऱ्हाडातील आणि लगतच्या मध्य प्रदेशातील कोरकू. मिया, बारी, आफई, उफून, मोनोई अशी तिची पाचापर्यंतची मोजदाद. २०११ च्या जनगणनेत ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सात लाखांहून अधिक होती. एवढी माणसे बोलत असूनही 'युनेस्को'ने ती संकटाच्या छायेतील भाषांत गणली आहे. संथाळीला २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत मान मिळाला. तिच्या या धाकट्या बहिणीला तो मिळालेला नाही.

या भाषेचा एक विशेष मराठी माणसाला चटकन समजेल. आपण 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद करतो. 'आम्ही जेवतो' म्हटले की समोरचा बाहेर राहतो. 'आपण जेवू' म्हटले की तोही पंगतीला बसतो. इंग्रजीला हा भेद ठाऊक नाही, हिंदीच्या 'हम'लाही नाही. कोरकूला आहे. समोरच्याला धरून बोलायचे तर 'अबुङ', त्याला वगळून बोलायचे तर 'अले'. इतकेच नव्हे, दोघांपुरते बोलताना याच भेदाची निराळी रूपे आहेत. माणसाने बोलताना कोणाला आपल्यात धरले आणि कोणाला वगळले याचा इतका बारीक हिशेब ठेवणाऱ्या भाषेला 'रानटी बोली' म्हणताना आपल्या जिभेला काही वाटू नये, याचे नवल वाटते.

या समाजाची उत्पत्तिकथा रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली आपल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात नोंदवून ठेवली. सातपुडा निर्जन आहे हे पाहून रावणाने महादेवाला तेथे वस्ती करण्याची विनंती केली. महादेवाने कागेश्वर नावाचा कावळा पाठवून तांबड्या मातीचे वारूळ शोधविले आणि त्या मातीच्या दोन मूर्ती घडविल्या. इंद्राने धाडलेल्या घोड्यांनी त्या तुडवून टाकल्या. पुन्हा घडविल्या, पुन्हा तुडविल्या. अखेर महादेवाने आधी कुत्रा घडवून त्यात प्राण फुंकला. कुत्र्याने घोडे पळवून लावले आणि मग मुला व मुलाई हे पहिले स्त्रीपुरुष जन्मास आले. मातीपासून घडविलेला आणि फुंकरीने जिवंत झालेला मनुष्य! उत्पत्तीच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय ज्यांनी लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकला, त्यांना ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

आणि मृत्यूचे काय? कोरकू आपल्या मृतांसाठी सिडोलीचा विधी करतात. त्यात मृताच्या स्मरणार्थ कोरलेली लाकडी फळी उभारण्याची चाल आहे. तीवर सूर्य, चंद्र आणि घोडा कोरतात. गावाचे रक्षण करणारा मुठवा देव गावच्याच मातीत दगडांच्या रूपाने बसलेला असतो. गावाच्या सरळ रस्त्याच्या दोहो अंगांना घरांच्या ओळी, जवळच मुठवा, आणि पूर्वजांच्या स्मरणाची जागा. गाव म्हणजे हे सारे मिळून. ते नुसते घरांचे पुंजके नव्हे.

हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील इतिहासाचा अर्थ लागतो. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. रान राखीव झाले. फिरती शेती हा गुन्हा ठरला. काल जो रानाचा रहिवासी होता तो आज सरकारी जंगलातील आश्रित झाला. पुढे लाकूडतोडीला मजूर हाताशी असावेत म्हणून वन खात्याने स्वतःच 'वनग्रामे' वसविली. म्हणजे सागवान तोडायचे होते तोवर कोरकू जंगलात हवा होता! त्या काळी त्याच्या कुऱ्हाडीने जंगलाचा नाश होतो असे कोणी म्हटले नाही, कारण कुऱ्हाड त्याची असली तरी लाकूड सरकारचे होते.

१९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. १९८५ साली अभयारण्य आणि १९८७ साली गुगामल राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. वाघ वाचला पाहिजे याविषयी दुमत नाही. कोरकूचेही नाही. त्याच्या भाषेत वाघ म्हणजे 'कुला', आणि मेळघाटात 'कुला मामा' म्हणून त्याला हात जोडले जातात. वाघाला मामा म्हणणाऱ्या समाजापासूनच वाघाला वाचवायचे आहे, असे मात्र आपण ठरवून टाकले. चालू शतकाच्या आरंभी बोरी, कोहा आणि कुंड ही गावे उठवून अकोट तालुक्याच्या सपाटीवर नेली गेली. त्यानंतर वैराट, चुर्णी, आमोणा, नागरतास, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी अशी एकामागून एक गावे डोंगर उतरली. २००८ पासून कुटुंबामागे दहा लाख रुपये आणि २०२१ पासून पंधरा लाख असा या निरोपाचा दर ठरला.

निरोप किती सुखाचा होता हे जानेवारी २०१९ मध्ये कळून आले. अकोट तालुक्यात वसविलेल्या गावांतील शेकडो माणसे बायकापोरांसह पुन्हा डोंगर चढून आपल्या जुन्या गावठाणांवर गेली. आश्वासने पाळली गेली नाहीत, जमीन नाही, जगण्याचे साधन नाही, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. वनकर्मचारी आणि पोलीस यांच्याशी त्यांची चकमक उडाली. दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. वृत्तपत्रांतून चर्चा झाली ती हल्ला कोणी केला याची. ज्या गावी घर उरले नाही, वीज नाही, दवाखाना नाही, तेथे थंडीच्या दिवसांत माणसे परत का जातात, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

येथे वाचकांना जरा दूरच्या प्रदेशात नेणे आवश्यक आहे. उत्तर अमेरिकेच्या माथ्यावर, अलास्काचा ईशान्य भाग आणि कॅनडाचे युकॉन व वायव्य प्रदेश या पट्ट्यात ग्विचिन नावाचा आदिवासी समाज राहतो. लोकसंख्या सुमारे नऊ हजार. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. त्यांच्या नावाचा अर्थ 'त्या त्या ठिकाणचे रहिवासी' असा आहे. त्यांचे जीवन कॅरिबू या रेनडिअर जातीच्या हरणावर चालत आले. अन्न त्याचे, वस्त्र त्याचे, हत्यारे त्याच्या हाडाशिंगांची. कॅरिबूच्या काळजाचा तुकडा माणसात आहे आणि माणसाच्या काळजाचा कॅरिबूत, असे ते मानतात. ज्या कळपावर त्यांची भिस्त आहे त्याची संख्या २०१७ च्या मोजणीत दोन लाख अठरा हजारांच्या घरात होती. हा कळप दरवर्षी शेकडो मैल चालून उत्तर ध्रुवसमुद्राच्या किनारपट्टीवर विण्यासाठी जातो. नेमक्या त्याच किनारपट्टीखाली खनिज तेल असल्याचे अनुमान आहे.

१९८८ साली आर्क्टिक व्हिलेज या गावी साऱ्या ग्विचिन गावांतील माणसे जमली आणि वासरांच्या त्या जन्मभूमीत तेलाच्या विहिरी होऊ द्यायच्या नाहीत, असा त्यांनी एकमुखाने निर्धार केला. १९९० चे दशक गेले, नवे शतक आले, वॉशिंग्टनमधील सरकारे बदलली. २०१७ साली कायद्याने ती किनारपट्टी तेलासाठी खुली करण्यात आली, २०२३ साली तेथील भाडेपट्टे रद्द झाले, २०२५ साली पुन्हा ती खुली करण्याचा निर्णय झाला. नऊ हजार माणसांचा समाज जगातील सर्वांत बलाढ्य सरकारशी वाद घालीत आजही उभा आहे.

या दूरच्या लोकांची कथा परतवाड्याच्या माणसाने सांगावी कशाला? तीन कारणांसाठी.

पहिले कारण जमिनीचे. १९७१ साली अमेरिकेने अलास्कातील आदिवासींचे हक्क पैसे आणि कंपन्यांचे भाग देऊन मिटविण्याचा कायदा केला, तेव्हा आर्क्टिक व्हिलेज आणि व्हेनेटी या ग्विचिन गावांनी पैसे नाकारले आणि सुमारे अठरा लाख एकर जमिनीची मालकी घेतली. 'आदिवासी पैशाला भुलतो' असे म्हणणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे. त्याचबरोबर हेही ध्यानात घ्यावे, की त्यांच्यापुढे पर्याय ठेवला गेला होता. आपल्या कोरकूपुढे ठेवली जाते ती रक्कम. आणि रक्कम घेतली नाही तर रस्ता, शाळा, दवाखाना यांपैकी काहीच मिळणार नाही, ही न बोललेली अट.

दुसरे कारण राष्ट्रीय उद्यानाचे. युकॉनमधील ओल्ड क्रो येथील वुंटुट ग्विचिन समाजाशी कॅनडाने १९९३ साली करार केला आणि त्या करारातूनच १९९५ साली वुंटुट राष्ट्रीय उद्यान जन्मास आले. त्या उद्यानाची व्यवस्था सरकार आणि ग्विचिन मिळून पाहतात. आपल्या पारंपरिक शिकारीचा आणि वनोपजाचा त्यांचा हक्क उद्यानाच्या हद्दीतही शाबूत आहे. म्हणजे उद्यान हवे तर माणूस नको, हा निसर्गाचा नियम नाही. ती कारभाराची एक पद्धत आहे, आणि पद्धत बदलता येते.

येथे कोणी म्हणेल, युकॉनची अफाट मोकळी भूमी कोठे आणि आपला दाटीवाटीचा देश कोठे! वाघ म्हणजे कॅरिबू नव्हे. त्याला निर्धास्त रान लागते, आणि वाघ-माणसांच्या झुंजीत दोघेही मरतात. हा आक्षेप गंभीर आहे आणि तो उडवून लावण्याचा हेतू नाही. परंतु याचे उत्तर आपल्याच कायद्यात लिहिले आहे. २००६ साली सुधारलेला वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याच साली झालेला वनहक्क कायदा हे दोन्ही सांगतात, की आधी लोकांचे वनहक्क मान्य करून पूर्ण करा. सहजीवन शक्य नाही हे शास्त्रीय आधाराने दाखवा. मग ग्रामसभेची समजून-उमजून दिलेली संमती घ्या. आणि पुनर्वसनाच्या जागी सोयी तयार झाल्यावरच गाव हलवा. आमची मागणी या कायद्यापलीकडे रेसभरही जात नाही. संमतीच्या कागदावर अंगठा आहे हे पुरेसे नाही. ज्या गावाला चार-चार महिने रस्ता नाही, ज्या बाळंतिणीला खाटेवरून न्यावे लागते, त्या गावाने दिलेली 'संमती' ही संमती की शरणागती? सपाटीवर जी शाळा आणि जो दवाखाना देऊ केला जातो तो डोंगरावर का दिला गेला नाही, हे आधी सांगा; मग संमतीविषयी बोलू.

लोकांच्या हाती रान दिले म्हणजे रानाचा नाश होतो, असेही एक मत आहे. त्याचे उत्तर शोधण्यास कॅनडाला जावे लागत नाही. आमच्याच अचलपूर तालुक्यात डोंगराच्या कुशीत पायविहीर नावाचे गाव आहे. २०१२ साली या गावाला वनहक्क कायद्याखाली १९२ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ते जंगल तेव्हा उजाड माळ झाले होते. गावाने 'खोज' या परतवाड्याच्या संस्थेच्या साहाय्याने चराईला आणि तोडीला आळा घातला, झाडे लावली, पाणी अडविले आणि रानातली सीताफळे एकत्रितपणे मुंबईपर्यंत विकली. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार या गावाला मिळाला. सरकारी ताब्यात असताना जे उजाड झाले ते ग्रामसभेच्या ताब्यात हिरवे झाले! परतवाड्यापासून हाकेच्या अंतरावरील ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

तिसरे कारण शाळेचे, आणि ते ख्रिस्ती वाचकांना अधिक जवळचे व अधिक जड जाणारे आहे. १८६२ साली रॉबर्ट मॅक्डोनल्ड नावाचा अँग्लिकन धर्मोपदेशक ग्विचिनांमध्ये गेला. त्याने त्यांची भाषा आत्मसात केली, तिच्यासाठी लेखनपद्धती सिद्ध केली, त्याच समाजातील स्त्रीशी विवाह केला आणि अनेक वर्षांच्या परिश्रमांनी संपूर्ण बायबल त्या भाषेत आणले. १८९८ साली ते छापून झाले. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली 'क्रिस्तपुराण' मराठीत छापून जे केले, त्याच जातीचे हे कार्य. देव आपल्या भाषेत बोलू शकतो हे ज्याला कळले, त्याला आपली भाषा हलकी वाटत नाही.

परंतु पुढे काय झाले? विसाव्या शतकात त्याच समाजाची मुले आईबापांपासून तोडून निवासी शाळांत नेण्यात आली. पैसा कॅनडा सरकारचा, चालविणारे निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे. आणि त्यात कॅथलिकांचा वाटा सर्वांत मोठा. ग्विचिनांची मुले अक्लाविक आणि इनुविक येथील अँग्लिकन तसेच कॅथलिक वसतिगृहांत वाढली. देशभरच्या अशा शाळांतून मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा झाल्या. २००८ साली कॅनडाच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल संसदेत क्षमा मागितली; २०२२ च्या जुलैत वयोवृद्ध पोप फ्रान्सिस चाकाच्या खुर्चीतून कॅनडात गेले आणि त्यांनी आदिवासींसमोर क्षमायाचना केली. तोवर ग्विचिन भाषा सहज बोलणारी माणसे काही शेकड्यांच्या आतबाहेर उरली होती. ज्या शाळांनी हे केले त्या दुष्ट हेतूने उघडल्या नव्हत्या. मुलांचे भले व्हावे, त्यांनी 'मुख्य प्रवाहात' यावे, हाच त्यांचा हेतू होता. म्हणूनच हा शब्दप्रयोग ऐकला की अंगावर काटा येतो.

आमच्या आश्रमशाळा त्या शाळांसारख्या आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेथे कष्टाने शिकविणारे शिक्षक आहेत, तेथे शिकून पुढे आलेली माणसे आहेत. परंतु पायाभूत चूक तीच आहे. सहा वर्षांचे कोरकू मूल शाळेत येते तेव्हा त्याला आकडे येत असतात. पण मिया, बारी, आफई असे. त्याला पाणी ठाऊक असते. पण 'डा' या नावाने. पहिल्या दिवसापासून मराठी कानावर कोसळते आणि ते मूल गप्प होते. त्या गप्प बसण्याला आपण 'मागासलेपणा' म्हणतो! १९५६ च्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५० (अ) प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे सांगते. २००९ चा शिक्षणहक्क कायदा शक्य तेथवर तेच सांगतो. हे 'शक्य तेथवर' मेळघाटच्या घाटाखालीच अडून बसले आहे.

मराठी आली नाही तर नोकरी कशी मिळेल, असे विचारले जाते. मराठी यावीच, हिंदी यावी, इंग्रजीही यावी. पण ती मातृभाषेच्या खांद्यावर बसून यावी, तिच्या छातीवर नव्हे. कोरकूला लिपी नाही, हाही आक्षेप पोकळ आहे. आपली बाळबोध लिपी तिला पुरते आणि तीत ती लिहिलीही जाते. व्याकरण नाही म्हणावे तर ड्रेक या मिशनऱ्याने १९०३ सालीच कोरकूचे व्याकरण प्रसिद्ध केले. अभ्यास नाही म्हणावे तर आपल्याच संघाचे, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू असलेले मानवशास्त्रज्ञ फादर स्टीफन फुक्स यांनी १९८८ साली कोरकूंवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. साधने आहेत, उणीव आहे ती त्यांचा उपयोग करण्याच्या इच्छेची.

मराठी भाषेला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सर्वांनी आनंद केला, आणि तो योग्यच होता. इंग्रजीच्या रेट्यापुढे आपली मुले मराठी विसरतात म्हणून आपण तळमळतो. वसईच्या वाचकांना तर आपली सामवेदी बोली घरातून ओसरत चालल्याचे दुःख अनुभवाने ठाऊक आहे. मग इंग्रजीने मराठीशी करू नये असे आपल्याला वाटते ते मराठीने कोरकूशी करावे काय? जवळच्याच बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात निहाली नावाची भाषा आहे. जगातील कोणत्याही भाषाकुलाशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास. शेजारच्या भाषांत विरघळत विरघळत ती येथवर आली आहे. मेळघाटातील निहाल तर केव्हाच कोरकू बोलू लागले. कोरकूची तीच गत व्हावयास फार पिढ्या लागणार नाहीत.

तर मग करायचे काय? मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. मेळघाटातील शाळांत पहिली तीन वर्षे कोरकूतून शिकवावे, आणि त्यासाठी कोरकू तरुण-तरुणींना शिक्षक म्हणून तयार करावे. ज्या गावांचे वनहक्काचे दावे निकालात निघालेले नाहीत त्यांना हलविण्याची भाषा करू नये. जी गावे हलली आहेत त्यांना आपल्या मुठवा देवाच्या आणि पूर्वजांच्या जागी वर्षातून ठरल्या दिवशी जाण्याचा हक्क लेखी द्यावा; पर्यटकांच्या जीपगाडीला जे फाटक उघडते ते नातवाला आजोबाच्या स्मृतिस्थळी जाण्यासाठी बंद असावे, ही निर्लज्ज व्यवस्था आहे. आणि व्याघ्र प्रकल्पाच्या कारभारात ग्रामसभांना सल्ल्यापुरते न बोलाविता निर्णयात बरोबरीचे स्थान द्यावे.

हे झाले सरकारपुढे ठेवायचे. आपल्यापुढेही काही आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकाच्या १४६ व्या परिच्छेदात बजावले, की आदिवासी समाज हे इतर अल्पसंख्यांपैकी आणखी एक नव्हेत. त्यांच्या भूमीवर मोठे प्रकल्प योजताना संवाद प्रथम त्यांच्याशीच झाला पाहिजे. आपल्या धर्मग्रामांतून, शाळांतून, वसतिगृहांतून हा परिच्छेद कितीदा वाचला गेला? ज्या संस्थांत कोरकू मुले राहतात तेथे त्यांना आपसांत कोरकू बोलण्याची मोकळीक आहे, की 'मराठीत बोला' अशी ताकीद आहे? आपल्या नियतकालिकांनी आदिवासींवर पुष्कळ लिहिले. एखाद्या कोरकू लेखकाचे पान, मूळ भाषेत आणि शेजारी मराठी अनुवादासह, केव्हा छापले? या प्रश्नांना सरकारी मंजुरी लागत नाही. एका रविवारच्या बैठकीत यांची उत्तरे देता येतील.

कोरकूला आपल्या दयेची गरज नाही. दया 'अले' या सर्वनामात बोलते : आम्ही देणारे, तुम्ही घेणारे. आम्ही ठरवणारे, तुम्ही उठणारे. दीडशे वर्षे मेळघाटचा कारभार याच सर्वनामात चालला आणि त्याचे फळ आपण दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात वाचतो. त्या भाषेत दुसरे सर्वनाम आहे, आणि सुदैवाने तेच मराठीतही आहे. मेळघाटचा पुढचा निर्णय ज्या सभेत होईल त्या सभेत तेच वापरले जावे, एवढाच हा आग्रह आहे.